पेरूच्या बागेत थापलेली भाकरी

मुन्शीजींच्या घरात दोन चुली होत्या. एक आतली, मोठी, खालाची, म्हणजे मुन्शीजींच्या बायकोची. दुसरी अंगणाच्या कोपऱ्यात, मोरीच्या पलीकडं, तीन दगडांची, माझी. ती माझ्या बापानं मांडली होती. मला त्या घरात ठेवून जाताना त्यानं दगड स्वतः निवडले, तवा आणि काठवट गावाकडून पोत्यात घालून आणली, आणि मुन्शीजींना हात जोडून म्हणाला, "ही माझी गया तुमच्या आसऱ्याला ठेवतो मालक, पण तिचं अन्न तेवढं निराळं." मुन्शीजी म्हणाले, "हौ, बिलकुल." मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेन. एवढ्या पोरीनं दोन वेळचं रांधून खायचं, यात त्या दोघा पुरुषांना काही अवघड वाटलं नाही.

मी तिथं कशी आले ते थोडक्यात सांगते. आई मी रांगत असतानाच गेली. बा दौलताबादच्या पलीकडं मुन्शीजींची पेरूची बाग राखायचा. बाग त्यांची, राबणं आमचं. रझाकारांची गडबड सुरू झाली तेव्हा गावातले लोक आपल्या बायका-पोरी सरहद्दीपलीकडं नगरच्या बाजूला पाठवत होते. आमचं तिकडं कुणी नव्हतं. मुन्शीजी कचेरीत होते, मुसलमान होते, त्यांच्या दाराला कुणी हात लावणार नव्हतं, म्हणून बानं मला औरंगाबादेत त्यांच्याकडं आणून सोडलं. आता संभाजीनगर म्हणतात. मी औरंगाबाद म्हणाले की नातवंडं मला दुरुस्त करतात, करू देत. मग पोलीस ॲक्शन झाली, आठवड्याच्या आत निजामाचं राज्य गेलं, आणि ज्या दारामुळं मी वाचले त्या दाराला दिवसाढवळ्या आतून कडी लागायला लागली. आता मला परत न्यायला हरकत नव्हती. पण मुलींच्या शाळेत मराठी वर्ग नीट सुरू झाले होते, आणि मी बाला सांगितलं की मला पुढं शिकायचंय. खालाही पडद्याआडून त्याला म्हणाली, "रहने दो इसकू. घर में रही तो अच्छा हे." कुणासाठी अच्छा, ते ती बोलली नाही.

घर मोठं नव्हतं. मधे हौद, त्यात नहरीचं पाणी खापराच्या नळातून दिवसभर गुळगुळ करत पडायचं. वर कबुतरं. सकाळी मशिदीतली अजान, मग मुन्शीजींचं खाकरणं, मग खालाचं अडकित्त्यानं सुपारी कातरणं, हे आवाज एकामागून एक यायचे आणि त्यावरून किती वाजले ते कळायचं. खाला उंच, हाडकुळी, तोंडानं तिखट. तिची मुलगी नसीम माझ्याच वयाची, पण उर्दू शाळेत. नसीम मला उर्दू अक्षरं शिकवायची आणि मी तिला पाढे. तिला पाढे आले नाहीत, मला उर्दू आलं नाही. भांडणं मात्र आम्ही दोन्ही भाषांत केली.

माझी चूल पहिले काही महिने पेटली. धूर डोळ्यांत, भाकरी एका बाजूनं कच्ची, दुसरीकडून कोळसा. मुन्शीजी ओसरीवरून बघायचे आणि मान फिरवायचे, कारण शब्द दिलेला होता. पावसाळ्यात मला ताप भरला. उठता येईना. तेव्हा खालानं मला आतल्या चुलीवरची पेज पाजली, आणि ताप उतरल्यावर मी पुन्हा कोपऱ्यात जाऊन फुंकणी उचलली तर ती म्हणाली, "छोड गे. मरी तो तेरे बाप कू क्या जवाब देऊँ मैं? चूल्हा अलग था बोलूँ?" त्या दिवसापासून मी त्यांच्यात जेवले. त्या घरात शिजलेलं सगळं खाल्लं. चव चांगली होती. बा भेटायला यायचा त्या दिवशी मात्र तीन दगडांत जाळ घालायचा, तवा ठेवायचा, आणि राख ताजी दिसेल असं करायचं. हे नसीमच करायची, तिला नाटकाची हौस होती.

भाकरी मी खालाच्या हाताखाली शिकले. मुन्शीजींना ज्वारीची भाकरी लागायची, रेशनची ज्वारी जुनी असायची, पिठाला चिकटपणा नाही. म्हणून खाला उकळत्या आधणात पीठ भिजवायची, आणि आधणात चिमूटभर मीठ टाकायची. आमच्या गावाकडं भाकरीच्या पिठात मीठ घालत नाहीत. मीठ ठेच्यात, कोरड्यासात, पिठात कधी नाही. खालाचं सगळं पीठ, मग ते गव्हाचं असो की ज्वारीचं, मिठाशिवाय भिजायचं नाही. मलाही तीच सवय लागली. हात लहानपणी जे शिकतो ते डोक्याला विचारून करत नाही.

दरवर्षी पेरू पिकले की मुन्शीजी घरच्यांना घेऊन बागेत जायचे. सकाळी टांगा, दुपारचं जेवण झाडाखाली, दिवस कलायच्या आत परत. ॲक्शननंतरच्या पहिल्या हिवाळ्यात ते गेले नाहीत. दुसऱ्या हिवाळ्यात म्हणाले, जायचं. गावोगाव बोलणं चालू होतं की जमीन आता राबणाऱ्याची होणार, आणि जो मालक तोंड दाखवणार नाही त्याची तर आधी जाणार. मुन्शीजींना तोंड दाखवायचं होतं. खाला सुपारी कातरत होती. ती म्हणाली, "नक्को जी. दिन अच्छे नैं."

"मेरी बाग हे. चोर हूँ क्या मैं?"

"चोर नैं. पन लोगां कू क्या मालूम?"

"लोगां कू मालूम हे. बीस बरस से पैचानते मेरेकू."

"वोच तो मैं बोलरी," खाला म्हणाली.

मुन्शीजींबद्दल एक सांगून ठेवते. त्यांनी त्या वाईट वर्षात कुणाला मारलं नाही, कुणाला लुटलं नाही, कुणाचं नाव सांगितलं नाही. कुणाला वाचवलंही नाही, मला सोडून. कचेरीत जायचे, घरी यायचे, दार लावायचे. मी मोठी झाल्यावर असे पुष्कळ लोक पाहिले, सगळ्या जातीत.

निघायच्या सकाळी खालानं पराठे केले, अंड्यांचा खागिना केला, लोणचं घेतलं. माझ्यासाठी वेगळ्या फडक्यात दोन भाकरी आणि लसणाचा ठेचा बांधला, वेगळा तांब्या भरला, आणि ते गाठोडं सगळ्यांत वर, दिसेल असं ठेवलं. मग माझी हनुवटी धरून कपाळ बघितलं. "कुंकू बडा लगा." मी पुन्हा लावलं. "और बडा." नसीम म्हणाली, "अम्मी, इसकी शादी हे क्या आज?" खाला हसली नाही. टांग्याला मागून चादर बांधली, ती आणि नसीम आत बसल्या, आणि मला चादरीच्या बाहेर, पुढच्या बाजूला, टांगेवाल्याशेजारी बसवलं. एरवी तिथं मुन्शीजी बसायचे. त्या दिवशी ते पलीकडच्या कडेला अंग चोरून बसले. डोक्यावर लाल तुर्की टोपी होती. खालानं आतून सांगितलं, टोपी काढा. ते ऐकले नाहीत.

मी खुशीत होते. बा भेटणार होता. शिवाय मला त्याला सांगायचं होतं की चौथीची परीक्षा जवळ आलीय आणि बाई म्हणतात ही पुढं जाईल. पाचवीला नाव घालायचं तर बापाचा होकार लागणार होता. तो घ्यायचा आणि संध्याकाळी परत यायचं, एवढंच माझं त्या दिवसाचं काम.

छावणीतून जाताना फौजेच्या गाड्या उभ्या होत्या, तिथं कुणी काही विचारलं नाही. पडेगाव गेलं. मिटमिट्याच्या पुढं एका हॉटेलापाशी, म्हणजे पत्र्याखाली चहाची किटली, चार-सहा माणसं बसली होती. एक उठून रस्त्यात आला. टांगेवाल्यानं लगाम ओढला.

"आत कोन हाय रं?"

"बायामानसं हायती."

"कुठली बायामानसं?" त्यानं चादरीकडं पाहिलं, मग टोपीकडं, मग माझ्याकडं. माझ्यावर त्याची नजर थांबली. "तू कुनाची गं?"

"बाग राखतो त्या एकनाथाची."

"मग यांच्यात काय करतीस?"

"शाळंत जाते. चौथीत हाय."

मागचा एक जण म्हणाला, "सोड रं, आपली पोर हाय संगं." तो बाजूला झाला. टांगा पुढं गेला. मग नसीम हळूच म्हणाली, "गया, तू तो पोलीस हो गई गे." तेव्हा मला कळलं की कुंकू मोठं का लावलं आणि मला पुढं का बसवलं. मला राग आला नाही. मी खालाच्या जागी असते तर तेच केलं असतं, आणि कुंकू आणखी मोठं लावलं असतं. मुन्शीजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली. वारा होता म्हणाले.

बागेत पोचलो तर बा धावत आला, पण हसला नाही. मला जवळ घेतलं नाही. मुन्शीजींना म्हणाला, "मालक, सांगून तरी यायचं."

"अपनी बाग में सांगून आने का?"

"तसं नाय. गावात लोकं निराळं बोलत्यात." मग त्यानं आवाज उतरवला. "खाऊन घ्या बिगीनं आन् निघा."

तरी पहिला थोडा वेळ बरा गेला. झाडाखाली चादर आडवी बांधली, खाला बुरखा मागं टाकून बसली. पेरू पिकून पिवळे झाले होते, वास असा की दोन झाडांच्या मधे उभं राहिलं तरी तोंडाला पाणी सुटावं. राघूंनी अर्धे खाल्लेले खाली पडले होते. नसीम झाडावर चढली आणि वरून म्हणाली, "तेरे गाँव में तू मालकीन, मैं मेहमान. चल, सलाम कर मेहमान कू." मी तिला खालून कच्चा पेरू मारला. खालानं पराठे सोडायला घेतले, आणि तेवढ्यात विहिरीकडच्या पायवाटेनं माणसं येताना दिसली.

पुढं माझा थोरला चुलता होता, तात्या. त्याच्या मागं गावातली जवान पोरं, काहींच्या हातात काठ्या. आणि त्यांच्यात एक बाई, कोंडाबाई. ती विधवा, गावातली बाळंतपणं करायची. तिचा एकुलता एक पोरगा गडबडीच्या वर्षी बैल बघायला म्हणून बाहेर पडला तो परत आला नाही. कुणी म्हणायचं रझाकारांनी मारला, कुणी म्हणायचं विहिरीत टाकला. प्रेत मिळालं नाही. तेव्हापासून गावात तिच्यापुढं मोठ्यानं बोलायची कुणाची छाती नव्हती. तात्यानं तिला संगं आणलं होतं ते याच्यासाठीच. तात्याचा स्वतःचा डोळा बागेवर होता, हे मला तेव्हा कळत नव्हतं; बाला कळत होतं, म्हणून तो खाली बघत उभा होता.

"रामराम मुन्शीजी. लई दिसांनी आलात," तात्या म्हणाला.

"रामराम. आव, बैठो. पेरू खाव."

"पेरू आमीच काढतो की. पोरगी न्यायला आलो." त्यानं माझ्याकडं बोट केलं. "आमच्या घरची पोर तुमच्या हंडीतलं खाती म्हनत्यात."

मुन्शीजी उठून उभे राहिले. "कोन बोल्या? उसका चूल्हा अलग हे. पूछो उसके बाप कू."

सगळे माझ्या बापाकडं वळले. तो म्हणाला, "निराळी हाय चूल. म्या सोता मांडली."

"मांडली तू. पेटवतं कोन?"

पोरं हसली. एकानं जाऊन टांग्याचा घोडा सोडला आणि दूर झाडाला बांधला. दुसरा चादरीभोवती फिरून काठीनं चादर उचलून बघायला लागला. आत खालानं बुरखा ओढला. नसीम झाडावरच होती, तिला खाली येता येईना. ती फांदीला चिकटून बसली होती.

तात्या माझ्यापुढं आला. "गये, तूच सांग. कुनाच्या हातचं खातीस?"

आता लोक विचारतात तेव्हा सांगते, मला त्या वेळी सगळं समजलं होतं. पोर असले तरी समजलं होतं. खरं सांगितलं तर बा जातीबाहेर, त्याच्या घरचं पाणी कुणी पिणार नाही, आणि मुन्शीजींनी पोर बाटवली म्हणून त्या पोरांच्या काठ्या उठायला कारण मिळणार. मग तो टांगा परत जाणार नव्हता. मी म्हणाले, "माझ्या."

"हां? ही येवढीशी? सोता रांधती? जळन कोन आनतं? पीठ कोन देतं?"

"पीठ बा देतो. जळन मीच आनते."

"लबाड बोलतीया," मागून एक जण म्हणाला. "मुसलमानाचं शिकवल्यालं हाय."

तेव्हा कोंडाबाई पहिल्यांदा बोलली. "कशाला वाद घालता. रोज थापत असंल तर थापून दावंल की."

बाच्या झोपडीपुढं चूल होती. मला तिथं नेलं. बानं पिठाचं डबडं आणून दिलं, काठवट दिली, आणि मागं सरकला. माणसं गोल उभी राहिली. मुन्शीजींना दोघांनी मधे धरून ठेवलं होतं, म्हणजे हात लावला नव्हता, पण दोन्ही बाजूंना काठ्या. मी तुराट्या पेटवल्या. तव्याला जाळ दिला. पीठ हातात घेतलं आणि बोटांतच कळलं की हे जुनं आहे. एकटा पुरुष, महिन्याचं दळून ठेवतो. गार पाण्यात हे भिजलं नसतं, थापताना चिरा पडल्या असत्या, आणि चिरा पडल्या असत्या तर सगळं संपलं होतं. मी आधण ठेवलं. कोंडाबाई माझ्यासमोर उकिडवी बसली होती. आधण ठेवलेलं बघून तिनं पटल्यासारखी मान हलवली. पोरांपैकी कुणाला त्यातलं काही कळत नव्हतं. तात्याला घाई झाली होती. "किती येळ?" तो म्हणाला. कोंडाबाई म्हणाली, "तुझ्या बायकुला इचार किती येळ लागतो. कधी बसलास का चुलीपुढं?"

पाणी उकळलं. चुलीशेजारी मातीच्या बोळक्यात मीठ होतं. मी चिमूट घेतली, आधणात टाकली, पाणी पिठात ओतलं आणि काठवटीत मळायला लागले. पीठ हाताला लागू लागलं, मऊ झालं, मला बरं वाटलं. गोळा केला, थापायला घेतला, कड धरली, फिरवली. भाकरी मोठी होत गेली, कुठं चीर नाही. आणि मग माझ्या लक्षात आलं की मी मीठ घातलंय.

कुणी बघितलं होतं का ते कळेना. पोरं भाकरीकडं बघत होती. कोंडाबाई माझ्या तोंडाकडं बघत होती. भाकरी टाकून दुसरी करावी तर का टाकली ते सांगावं लागलं असतं. मी ती उचलून तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला, उलटली, मग तवा उतरवून जाळापुढं शेकायला लावली. ती फुगली. एवढी चांगली भाकरी माझ्या हातून त्याआधी झाली नव्हती आणि ती होऊ नये असं वाटत होतं. एखादी भाकरी जळली तर ती खात नाहीत. ही खाणार होते.

"झाली," मी म्हणाले.

पोरांतला एक म्हणाला, "आरं तिच्या! आमच्या बायकुला येत नाय अशी." दोघं-तिघं हसले. तात्या हसला नाही. त्यानं हात पुढं केला. "आन हिकडं. बघू."

त्याचा हात पोचायच्या आत कोंडाबाईनं भाकरी उचलली. गरम होती, तिनं ती पदरात धरली. एक तुकडा मोडला, तोंडात घातला आणि चावायला लागली. ती चावताना थांबली. माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं नाही, कारण खाली बघितलं असतं तर तात्याला कळलं असतं. तिनं तुकडा गिळला. मग दुसरा मोडला. मग तिसरा.

"आवं कोंडाबाई, आमाला बी बघू द्या की," तात्या म्हणाला.

"काय बघतोस? बायकांच्या चुलीतलं तुला काय कळतंय?" तिनं तोंडात घास असतानाच सांगितलं. "सकाळधरनं पोटात काय नाय माझ्या. बस गप." आणि ती तिथं बसून, ठेचा नाही, कालवण नाही, कोरडी भाकरी शेवटच्या तुकड्यापर्यंत खात राहिली. एवढी माणसं काठ्या घेऊन उभी होती आणि एका म्हातारीचं जेवण होईपर्यंत कुणी हललं नाही. झाडावरून नसीमचं रडणं ऐकू येत होतं. कोंडाबाईनं पदर झटकला, माझ्या तांब्यातलं पाणी प्याली आणि उठली.

"पोरगी आपली हाय," ती म्हणाली. "रोज थापती. हात सांगतोय तिचा. घोडा जुंपा त्यांचा."

तात्या म्हणाला, "आन् मग–"

"मग काय? माझ्या पोराच्या नावानं आलायस ना तू हितं? मग मी म्हनते ते ऐक. घोडा जुंप. टांगा जाऊ दे." मग तिनं माझं मनगट धरलं. "पोरगी हितंच ऱ्हाईल."

लोक म्हणतात, मी ही गोष्ट सांगितली की म्हणतात, तिला दया आली. मला तसं वाटत नाही. दया आली असती तर तिनं मला टांग्यात बसवलं असतं. मला वाटतं तिला कंटाळा आला होता. आपल्या मेलेल्या पोराला पुढं करून दुसऱ्यानं बाग मागावी, याचा. आणि त्या घरात मी कुठल्या चुलीवर वाढतेय ते तिला पहिल्या घासाला कळलं होतं, म्हणून तिनं टांगा सोडला आणि मला धरलं. दोन्ही एकाच घासात ठरवलं. मी तिला कधी विचारलं नाही, आणि तीही आपणहून कधी बोलली नाही.

घोडा जुंपला. नसीमला बानं खाली उतरवलं. खाला बुरख्यात टांग्याकडं गेली, माझ्यापाशी थांबली नाही. थांबली असती तर बरं दिसलं नसतं, हे तिला माझ्याआधी कळत होतं. फक्त जाताना बाला म्हणाली, "इसके पाँव दुखते रात कू. तेल लगाव." बा म्हणाला, "व्हय." मुन्शीजी पुढं बसले. टोपी त्यांच्या हातात होती, ती त्यांनी डोक्यावर घातली, मग काढली, मग काय करायचं ते न समजून धरून ठेवली. नसीमनं चादरीतून तोंड काढून मला विचारलं, "सोमवार कू आएगी ना?" मी म्हणाले, "हौ." पोरांपैकी एक-दोघांनी हातात दगड घेतले होते. ते बघून कोंडाबाई टांग्याच्या बाजूनं चालायला लागली. एक हात टांग्याच्या दांडीवर ठेवून, कमरेत वाकलेली, ती बागेतून फाट्यापर्यंत, मोठा रस्ता लागेपर्यंत चालत गेली. कुणी दगड मारला नाही. तिला लागला असता.

बा त्या वेळी काय करत होता असं माझ्या सुनेनं विचारलं होतं. बा काठवट धूत होता. त्याला राग येत नव्हता असं नाही, त्याला भीती वाटत होती, आणि भ्यालेलं माणूस हाताला लागेल ते काम करतं. मी त्याला पाचवीचं विचारलं नाही. त्याच्या हो-नाहीचा तो विषय राहिला नव्हता.

कोंडाबाई परत आली तेव्हा दिवस मावळत होता. धापा टाकत चुलीपाशी बसली. पाणी मागितलं, मी दिलं. "लागले रस्त्याला," ती म्हणाली. "पोचतील आता." थोडा वेळ ती पाय चोळत होती. मी म्हणाले, "आजी, सोमवारी माझी शाळा हाय. चौथीची परीक्षा हाय. तेवढी झाली की मी येते परत."

तिनं माझ्याकडं बघितलं. ती खोटं बोलली असती तर चाललं असतं. बघू म्हणाली असती, पुढच्या वर्षी म्हणाली असती, बाला विचारू म्हणाली असती. मोठी माणसं तसंच म्हणतात.

"नाय," ती म्हणाली.

बाच्या शेळ्या बाहेर होत्या, अंधार पडायच्या आत त्या बांधायच्या होत्या. मी उठले आणि बांधल्या.